इतिहासाध्यापनातील अस्सल साधने : अहिल्यानगर जिल्हा

मूळ पत्रे, दप्तरे, शिलालेख, नाणी व नकाशे विद्यार्थ्यांकडून वाचवून व तपासवून घेऊन इतिहास शिकविण्याची पद्धती. कागदपत्रांच्या डिजिटल प्रतिमा उपलब्ध होऊ लागल्यामुळे ही पद्धती अभिलेखागारापासून दूर असलेल्या महाविद्यालयांतही शक्य झाली. भारतीय राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ मध्ये ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ सुरू केले. तथापि कागद दिसणे व तो वाचता येणे या भिन्न गोष्टी होत. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्याच्या साधनांवरून हे स्पष्ट होते.

मलिक अहमदने १४९० मध्ये वसविलेले हे शहर निजामशाही, मोगल, मराठे व इंग्रज यांच्या अंमलाखाली होते. त्यामुळे येथील साधने मुख्यत्वे फार्सी, मराठी व इंग्रजीत आहेत. शहरात १९६० मध्ये स्थापन झालेल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागदपत्रे, हस्तलिखिते व नाणी जतन केली आहेत.

मराठी कागद बहुधा मोडीत आहेत. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत व ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळत नाहीत. कालगणनाही वेगळी असते. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. त्या वेळच्या मराठी पत्रांत वर्ष ‘खमस तिसैन मया व अलफ’, म्हणजे शुहूर सन ११९५, असे येते. शुहूर वर्ष मृग नक्षत्राच्या प्रारंभी बदलते. म्हणून त्यात जूनपासून डिसेंबरअखेर ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवून इसवी सन काढावा लागतो. हे ठाऊक नसल्यास विद्यार्थी पत्राचा काळ एका वर्षाने चुकवितो आणि घटनांचा क्रम उलटा लागू शकतो.

वाचनानंतर चिकित्सा येते. वेलस्लीने ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला. त्याचे खलिते विजेत्याने वरिष्ठांना लिहिलेले आहेत. त्यांवरून सैन्याच्या हालचाली कळतात, रयतेचे हाल फारसे कळत नाहीत. १८४२ मध्ये येथेच सुरू झालेल्या ज्ञानोदय या नियतकालिकातून शिक्षणाची व जातिव्यवहाराची माहिती मिळते. परंतु ती धर्मप्रसाराच्या दृष्टीने दिलेली आहे. १८८४ च्या जिल्हा गॅझेटियरची मांडणी महसुली कारभाराच्या गरजेनुसार आहे. वतनाच्या तंट्यांत बनावट कागदही तयार केले जात. म्हणून कागद जुना दिसतो एवढ्यावरून तो विश्वसनीय ठरत नाही.

डिजिटल प्रतिमेमुळे एक नवी अडचण उद्‌भवते. दप्तरातील कागद रुमालात एकत्र बांधलेले असतात व शेजारच्या कागदांवरून त्यांचा अर्थ लागतो. सुटी प्रतिमा या संदर्भापासून तुटते. कागदाचा पोत, शिक्क्याचा उठाव व पाठीवरील शेरेही तिच्यात नेहमी उमटत नाहीत. यास्तव प्रत्येक प्रतिमेसोबत संग्रह, रुमाल व क्रमांक यांची नोंद आवश्यक ठरते. मोडी वाचनाचे शिक्षण, जंत्रीचा उपयोग व निदान एका अस्सल कागदाचे प्रत्यक्ष दर्शन यांची जोड मिळाल्यास डिजिटल संग्रहाचा अध्यापनात खरा उपयोग होतो. एरवी विद्यार्थ्याला दुसऱ्याने केलेल्या लिप्यंतरावरच विसंबून राहावे लागते.