फातोर्ड्याचे दोन सामने

गोव्यात फुटबॉल प्रथम शिवोलीस आला, १८८३ मध्ये, फादर लायन्स यांच्याबरोबर, असे सांगतात. मध्ये एक शापोरा नदी. तरी आम्हां पेडणेकरांना भजन-नाटक आपले आणि चेंडू पलीकडच्यांचा वाटत राहिला. मुलींच्या पायी तर नकोच.

२०२२ ची सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा भारतास मिळाली खरी. पण १५ ऑगस्टला फिफाने भारतीय महासंघास निलंबित केले. निलंबन २६ ऑगस्टला उठले म्हणून स्पर्धा वाचली. मोपाचा विमानतळ अद्याप उघडावयाचा होता, तेव्हा २६ ऑक्टोबरला फातोर्ड्यास दोन्ही उपान्त्य सामने झाले. कोलंबियाने नायजेरियास पेनल्टींवर ६-५ असे हरविले, स्पेनने जर्मनीस १-०. भारताच्या मुली मात्र भुवनेश्वरीच तिन्ही सामने हरून बाद झाल्या होत्या. सोळा गोल स्वीकारले, एकही करता आला नाही.