युद्धात माणसं कशाने मरतात? गोळी, भूक आणि रोगराईचा हिशोब

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढताना सुमारे ८७ हजार भारतीय सैनिक मरण पावले. त्याच युद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, बंगालमध्ये भुकेने आणि त्यामागून आलेल्या रोगांनी मेलेल्यांचा आकडा बहुतेक इतिहासकार २० ते ३० लाखांच्या दरम्यान धरतात.

बंगालमधल्या या लोकांच्या हातात बंदूक नव्हती. त्यांच्या गावात लढाई झाली नव्हती. तरी युद्ध झालं नसतं तर यातले कितीतरी जण वाचले असते.

युद्धाची बातमी आली की आपण पहिल्यांदा आकडा बघतो. आज किती ठार, किती जखमी. पण इतिहासातली बरीच युद्धं तपासली तर लक्षात येतं, की हा आकडा एकूण हिशोबाचा छोटासा भाग असतो. मोठा भाग उशिरा येतो, दूरच्या गावात येतो आणि अनेकदा मोजलाच जात नाही. तो येतो कसा, हे समजून घेऊ.

आधी प्रश्न असा, की युद्धं होतात कशामुळे?

सुमारे २४०० वर्षांपूर्वी थुसिडिडीस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या युद्धाचा इतिहास लिहिला. राज्यं कशामुळे हालचाल करतात, याची तीन कारणं त्यात येतात : भीती, प्रतिष्ठा आणि फायदा. अभ्यासक आजही या तीन शब्दांकडे परत येतात, कारण बहुतेक युद्धं त्यात बसतात.

फायद्याचं उदाहरण बघू. १८३९ मध्ये ब्रिटन आणि चीनमध्ये पहिलं अफू युद्ध सुरू झालं. चीनने अफूचा बेकायदा व्यापार मोडायला घेतला आणि जप्त केलेला माल नष्ट केला, हे तात्कालिक कारण. ही अफू भारतात पिकत होती. माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात होती आणि मुंबईच्या अनेक व्यापाऱ्यांची श्रीमंती त्यावर उभी होती.

प्रतिष्ठेचं उदाहरण क्रिमियन युद्धाचं. पॅलेस्टाईनमधल्या ख्रिस्ती पवित्र स्थळांवर हक्क कुणाचा, कॅथलिकांचा की ऑर्थोडॉक्स पंथीयांचा, यावरून फ्रान्स आणि रशिया भिडले. त्याआड ऑटोमन साम्राज्य खिळखिळं होत असताना त्याचा ताबा कुणाकडे जाणार, ही खरी स्पर्धा होती.

आणि भीतीचं उदाहरण १९१४ चं. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या युवराजाची हत्या झाली. बरोबर एका महिन्याने ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं. रशिया सर्बियाच्या मागे उभा राहिला. रशियाची ताकद आणखी वाढण्याआधीच लढलेलं बरं, असं जर्मनीच्या सेनाधिकाऱ्यांना वाटत होतं. समोरचा आधी सैन्य हलवेल या भीतीने प्रत्येकाने आपलं सैन्य हलवलं, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात युरोपातल्या बहुतेक मोठ्या सत्ता युद्धात होत्या.

या तिन्ही ठिकाणी निर्णय घेणारे मोजके होते. किंमत मोजणारे कोण होते, ते आता पाहू.

पानिपतावर उपासमार आधी आली

मराठी माणसाला युद्धातला भुकेचा भाग वेगळा समजावून सांगायला नको. पानिपतची गोष्ट आपण ऐकलेली असते, फक्त १४ जानेवारी १७६१ या एका दिवसापुरती ऐकलेली असते.

प्रत्यक्षात लढाई दोन महिने आधी सुरू झाली होती. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अहमदशाह अब्दालीने यमुना ओलांडली आणि तो मराठी सैन्य व दिल्ली यांच्या मधोमध आला. सदाशिवरावभाऊंच्या छावणीत लढवय्ये होते, तसेच हजारो बुणगे होते. नोकरचाकर, व्यापारी, बायकामुलं आणि उत्तरेतल्या तीर्थयात्रेसाठी सोबत निघालेले यात्रेकरू. एवढ्या तोंडांना रोज धान्य लागत होतं, जनावरांना चारा लागत होता. डिसेंबरमध्ये रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि उरलासुरला पुरवठाही आटला. जानेवारीत उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, या निर्णयावर छावणी आली.

म्हणजे १४ जानेवारीला जे सैन्य मैदानात उतरलं, ते आधीच भुकेने खचलेलं होतं. पराभवानंतर न लढणारे लोकही मोठ्या संख्येने कापले गेले, कित्येकांना गुलाम करून नेलं. लढवय्ये आणि बुणगे मिळून किमान लाखभर मराठे या मोहिमेत गेले, असा अंदाज इतिहासकार त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी मांडला आहे.

नर्सने काढलेला एक तक्ता

पुढच्या शतकात हा हिशोब आकड्यांत मांडला गेला. १८५३ ते १८५६ या काळातल्या क्रिमियन युद्धात ब्रिटनचे सुमारे २१ हजार सैनिक मेले. त्यातले १६ हजारांहून जास्त जण रोगांनी मेले. कॉलरा, हगवण, टायफस. शत्रूच्या गोळीने आणि जखमांनी मेलेले त्या मानाने थोडे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ च्या नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. तिथली गटारं तुंबलेली होती, हवा खेळत नव्हती, रुग्ण दाटीवाटीने पडलेले होते. १८५५ मध्ये सरकारच्या स्वच्छता आयोगाने गटारं साफ केली, पाण्याची व्यवस्था सुधारली आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. १८५८ मध्ये नाइटिंगेल यांनी हे सगळं एका गोलाकार तक्त्यात रंगवलं. टाळता येण्यासारख्या रोगांचा रंग बाकीच्या रंगांना गिळून टाकताना दिसतो. आज आपण मोबाईलवर इन्फोग्राफिक बघतो, त्याच्या जुन्या आणि गाजलेल्या नमुन्यांपैकी हा एक आहे. त्याचा विषय होता, सैनिक नेमके कशाने मरतात.

कुतचा वेढा आणि मुंबईची गोदी

पहिल्या महायुद्धात भारतातून सुमारे १३ लाख माणसं परदेशी पाठवली गेली. त्यातले जवळपास ७४ हजार परत आले नाहीत.

यातला एक मोठा गट मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होता. नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्रिटिशांनी तिथे सैन्य उतरवलं, त्यामागचं एक मोठं कारण इराणमधलं तेल आणि अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरक्षित ठेवणं हे होतं. या मोहिमेतल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. बगदादच्या दिशेने गेलेली ही फौज मागे हटली आणि टायग्रिस नदीकाठच्या कुत गावात अडकली.

७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा जवळपास पाच महिने वेढा चालला. धान्य संपत आलं तसे घोडे कापायला सुरुवात झाली. धर्माच्या कारणाने अनेक भारतीय सैनिकांनी बरेच दिवस घोड्याचं मांस नाकारलं. भाजीपाला नसल्याने स्कर्व्ही पसरला. शेवटी सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. ती भुकेमुळे पत्करावी लागली. कैदेत चालत नेताना आणि छावण्यांमध्ये पुढे हजारो मेले.

युद्ध संपत आलं तेव्हा आणखी एक संकट आलं. इन्फ्लुएंझा, ज्याला जग स्पॅनिश फ्लू म्हणतं. हा विषाणू युद्धाने जन्माला घातला असं म्हणता येत नाही. पण खंदकांमधली गर्दी, लष्करी छावण्या आणि सैनिकांनी भरलेली जहाजं यांनी तो जगभर नेला. जून १९१८ मध्ये तो मुंबईत दिसला. सुरुवातीला आजारी पडलेल्यांत गोदीवर नेमलेला पोलीस शिपाई होता. तिथून रेल्वेने साथ देशभर गेली. त्याच वर्षी पाऊस कमी पडला आणि युद्धामुळे महागाई आधीच वाढलेली होती. भारतात १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख माणसं मेली असा अंदाज आहे. सर्वाधिक फटका बसलेल्या भागांत मुंबई इलाखा होता.

बंगालमध्ये नेमकं काय झालं?

आता सुरुवातीच्या आकड्याकडे येऊ. मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. जपानी सैन्य बंगालमध्ये शिरलं तर त्याच्या हाती काही लागू नये, म्हणून सरकारने किनारी भागातला जास्तीचा तांदूळ हलवला आणि हजारो होड्या जप्त केल्या किंवा मोडल्या. बंगालच्या खाडीप्रदेशात होडी म्हणजे कोळ्याचं पोट आणि शेतकऱ्याची बैलगाडी. ऑक्टोबर १९४२ मध्ये मिदनापूरला चक्रीवादळाने झोडपलं.

त्यात युद्धखर्चासाठी नोटा छापल्या जात होत्या. भाव भडकले. कलकत्त्यातले कारखान्यांचे कामगार आणि लष्कर यांना धान्य आधी मिळेल अशी व्यवस्था होती. बाकीचे प्रांत आपलं धान्य बाहेर जाऊ देईनात. शेतमजूर, कोळी, छोटे कारागीर यांची मजुरी तेवढीच राहिली आणि तांदूळ त्यांच्या आवाक्याबाहेर गेला.

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं, की १९४३ मध्ये उपलब्ध असलेला तांदूळ १९४१ पेक्षा कमी नव्हता. १९४१ मध्ये मात्र असा दुष्काळ पडला नव्हता. धान्य होतं, पण ते विकत घेण्याची ताकद गरिबांकडे उरली नव्हती. सेन यांच्या या मांडणीवर वाद झाले आहेत, पण युद्धकाळातली महागाई आणि सरकारी धोरणं यांचा मोठा वाटा होता, हे आज बहुतेक अभ्यासक मान्य करतात.

मृत्यू १९४३ मध्ये थांबले नाहीत. पुढच्या वर्षी धान्य आलं, पण खंगलेल्या शरीरांना मलेरिया आणि कॉलराने गाठलं. गावातल्या मृत्यूंची नोंद चौकीदार करायचे. दुष्काळात कितीतरी चौकीदार स्वतःच मेले किंवा गाव सोडून गेले. त्यामुळे आकड्यावर आजही एकमत नाही.

म्हणजे शस्त्रांनी माणसं मरत नाहीत का?

मरतात, आणि प्रचंड प्रमाणात मरतात. नाझी जर्मनीने सुमारे ६० लाख ज्यूंची ठरवून हत्या केली. हिरोशिमा आणि नागासाकीत एकेका बॉम्बने शहरं संपवली. पण याच युद्धात जर्मन सैन्याने लेनिनग्राडला ८७२ दिवस वेढा घातला. नोव्हेंबर १९४१ मध्ये तिथे काम न करणाऱ्या माणसाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता. त्या वेढ्यात मेलेल्या लाखो नागरिकांपैकी बहुतेक उपासमारीने गेले. तिथे भूक हा युद्धाचा दुष्परिणाम नव्हता, ते शस्त्रच होतं.

आजही हेच होतं का?

हो. येमेनचं उदाहरण ताजं आहे. २०२१ च्या अखेरीपर्यंत तिथल्या संघर्षात ३ लाख ७७ हजार मृत्यू झाले असतील, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने मांडला. त्यातले सुमारे ६० टक्के अप्रत्यक्ष होते. म्हणजे अन्न नाही, स्वच्छ पाणी नाही, दवाखाना नाही. हा देश बहुतेक धान्य बाहेरून आणतो. बंदरं अडली की भाव चढतात, आणि पाण्याच्या यंत्रणा बंद पडल्या की कॉलरा येतो. २०१७ च्या अखेरीस तिथे कॉलराच्या संशयित रुग्णांची संख्या १० लाखांवर गेली होती. मेलेल्यांत पाच वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण सर्वांत मोठं आहे.

कायदा याबाबत गप्प नाही. नागरिकांना उपाशी ठेवणं हे युद्धाचं साधन म्हणून वापरायला जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पुरवणी करारात बंदी आहे. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव २४१७ एकमताने मंजूर करून याचा निषेध केला. अडचण अंमलबजावणीची आहे. गोळी कुणी झाडली हे सिद्ध करता येतं. धान्याचा ट्रक नाक्यावर तीन आठवडे का अडला, याची जबाबदारी एका माणसावर टाकणं कठीण जातं.

मग युद्धाचा आकडा वाचताना काय बघायचं?

पुढच्या वेळी टाइमलाइनवर एखाद्या युद्धातला मृतांचा आकडा दिसला, तर शेअर करण्याआधी चार प्रश्न विचारा.

१. हा आकडा फक्त शस्त्रांनी मेलेल्यांचा आहे, की भूक आणि रोगांनी गेलेलेही त्यात आहेत?

२. तो कुणी मोजला? लढणाऱ्या एखाद्या बाजूने, रुग्णालयांनी की स्वतंत्र संस्थेने?

३. ही मोजलेली संख्या आहे की अंदाज? अंदाज असेल तर तो किती ते किती?

४. बंदरं, रस्ते, पाणी आणि दवाखाने सुरू आहेत का? बंद असतील, तर आजचा आकडा अंतिम नाही.

दिल्लीच्या इंडिया गेटवर पहिलं महायुद्ध आणि त्यानंतरच्या अफगाण युद्धातल्या १३ हजारांहून अधिक सैनिकांची नावं कोरलेली आहेत. ती जाऊन वाचता येतात. १९१८ च्या साथीत किंवा १९४३ च्या बंगालमध्ये गेलेल्यांची अशी यादी करता येणार नाही, कारण त्यातल्या बहुतेकांची नावं तेव्हा कुणी लिहूनच ठेवली नाहीत.