बहुश्रुतांची वाट

आपल्या भाषेंत विद्वानास ‘बहुश्रुत’ म्हणतात. ज्यानें पुष्कळ वाचलें तो नव्हे, तर ज्यानें पुष्कळ ऐकलें तो. हा शब्द रूढ झाला त्या काळीं विद्या गुरूच्या मुखांतून शिष्याच्या कानांत जात असे, आणि ती पंक्तिच मुळांत थोड्यांसाठीं असली तरी तींत बसलेल्यांस अक्षर दिसणें अवश्य नव्हतें. पुढें मुद्रणयंत्र आलें आणि ज्ञान कागदावर उतरलें. लाखों लोकांस तें सुलभ झालें हें खरें. पण ज्यांस डोळे नाहींत त्यांच्यापुरतें तें दाराआड गेलें. तें दार पुन्हां कानाच्या वाटेनें कसें उघडलें, आणि घरीं बसून शिकणाऱ्या अंध विद्यार्थ्यांसाठीं इतर विद्यार्थ्यांचा आवाज कसा उपयोगीं पडला, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लुई ब्रेल यानें १८२९ सालीं ठिपक्यांची लिपि प्रसिद्ध केली आणि अंधांस बोटांनीं वाचण्याचें साधन मिळालें. या लिपीचा आणि टपालद्वारा शिक्षणाचा योग अमेरिकेंत जुळला. शिकागोकडील विल्यम हॅडली या शिक्षकाची दृष्टि १९१५ सालीं उतारवयांत गेली. त्यानें स्वतः ब्रेल शिकून घेतली, आणि १९२० सालीं विनेट्का या गांवीं टपालानें शिकविणारी शाळा काढली. त्याची पहिली विद्यार्थिनी कॅन्सस प्रांतांतील एक शेतकरीण होती. अंधांचीं पुस्तकें विनामूल्य पोंचविण्याचा कायदा तेथें १९०४ सालींच झाला होता, त्यामुळें हा उद्योग चालूं शकला. परंतु ब्रेलचा ग्रंथ फार जाड होतो, तयार करण्यास वेळ लागतो, आणि प्रौढपणीं दृष्टि गमावलेल्यांचीं बोटें ती लिपि सहजासहजीं आत्मसात् करीत नाहींत.

एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ सिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षीं त्याच्या संभाव्य उपयोगांची जी यादी प्रसिद्ध केली तींत अंधांसाठीं बोलणाऱ्या पुस्तकांचा स्पष्ट उल्लेख होता. पण त्या काळच्या नळकांड्यावर दोन-चार मिनिटांपलीकडे आवाज मावत नसे. म्हणून ती कल्पना पन्नासांहून अधिक वर्षें कागदावरच राहिली. अमेरिकेंत १९३४ सालीं आणि इंग्लंडांत १९३५ सालीं ‘बोलकीं पुस्तकें’ अंधांच्या घरीं जाऊं लागलीं. इंग्लंडांतील खटपट इअन फ्रेझर यांची. पहिल्या महायुद्धांत, १९१६ सालीं, सोमच्या रणांगणावर त्यांचे डोळे गेले होते. तेथील तबकडी मिनिटास २४ फेरे घेई, आणि तिच्या एका बाजूवर सुमारें २५ मिनिटांचें वाचन मावे. पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्ती यांची एक रहस्यकथा आणि कॉनरॅड यांची ‘टायफून’ ही कथा होती.

या निवडींतच पुढील अडचणीचें बीज आहे. कथा-कादंबरी हजारोंस हवी असते आणि ती यंदा मिळाली काय नि पुढल्या वर्षीं मिळाली काय, सारखेंच. क्रमिक पुस्तकाची गोष्ट निराळी. तें अमुक एका विद्यार्थ्यास, अमुक आवृत्तींत, परीक्षेच्या आधीं हवें असतें. परीक्षा झाल्यावर त्याचा कांहीं उपयोग नाहीं. एका ऐकणाऱ्यासाठीं तबकड्यांचा संच काढणें कोणत्याहि मोठ्या संस्थेस परवडत नाहीं. मनोरंजन कानाच्या वाटेनें आलें, अभ्यास मात्र उंबरठ्याबाहेर थांबला, याचें कारण हें.

हा उंबरठा दुसऱ्या महायुद्धानें ओलांडावयास लावला. अमेरिकेनें १९४४ सालीं कायदा करून परतलेल्या सैनिकांस महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च देऊं केला. त्यांत डोळे गमावलेले तरुणहि होते. शुल्काची सोय झाली, पण पुस्तक वाचावयाचें कोणी? न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या महिला साहाय्यक मंडळांतील ॲन मॅक्डोनाल्ड या बाईंनीं १९४८ सालीं या कामास हात घातला. ग्रंथालयाच्या माळ्यावर स्वयंसेवक बसत आणि मागणी येईल तें पुस्तक वाचीत. तबकड्या सहा इंची, एका बाजूस सुमारें १२ मिनिटांच्या. येथें ग्रंथ निवडणारा ऐकणारा होता, वाचणारा नव्हे. शिक्षण हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, या बाईंच्या भूमिकेचा खरा अर्थ या लहानशा व्यवस्थेंत दिसतो.

आमच्याकडे ही वाट कॅसेटनें आणली. १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें काढलेली ही खिशांत मावणारी ध्वनिफीत घरोघर पोंचली, तेव्हां ध्वनिमुद्रण हें कारखान्याचें काम उरलें नाहीं. त्याच सुमारास पत्रद्वारा शिक्षणहि वाढत होतें. दिल्ली विद्यापीठानें तें १९६२ सालीं सुरू केलें. १९८५ सालीं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ सालीं नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. वर्गांत जातां न येणाऱ्यांसाठीं हें शिक्षण होतें; पण त्याचा कणा छापील पुस्तिका हाच होता. ज्यास घराबाहेर पडणें कठीण, त्यासच वाचणेंहि अशक्य असेल, तर त्यानें काय करावें?

येथें एक स्वानुभव सांगतों. १९९० च्या सुमारास आम्ही पुण्यांत एम. ए. ला होतों. कोंकणांतील एक अंध गृहस्थ पत्रद्वारा बी. ए. करीत असल्याचें कळलें, आणि आम्हीं चौघां मित्रांनीं मराठ्यांच्या इतिहासाचे धडे वांटून घेऊन कॅसेटांवर वाचले. पुण्य केल्याच्या समाधानांत तें पुडकें एस. टी. नें रवाना केलें. पंधरा दिवसांनीं त्यांतलीच एक कॅसेट परत आली. तीवर त्यांचा आवाज होता. ‘तुमचे फार उपकार आहेत, पण तीन गोष्टी सांगतों. तुम्ही “सोबतचा नकाशा पाहा” म्हणून पुढें जातां. तो कोणी पाहून सांगेल तर मला दिसेल. पृष्ठांक सांगत नाहीं. त्यामुळें प्रश्नपत्रिकेसोबत “पृष्ठ ४२ पाहा” असें आलें कीं मी सारी फीत मागें-पुढें करीत बसतों. आणि चवथा धडा ज्यांनीं वाचला, त्यांना तो समजलेला नाहीं.’

चवथा धडा आमचा होता. विषय पानिपताचा.

आम्हांस प्रथम राग आला, मग आम्हीं नकाशा उघडला. तो शब्दांत सांगूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, दिल्लीहून पुढें गेलेली मराठी फौज उत्तरेस अडकली होती, आणि ऑक्टोबर १७६० मध्यें बागपतपाशीं यमुना उतरलेला अब्दाली तिच्या दक्षिणेस, म्हणजे तिच्या आणि दिल्लीच्या मध्यें उभा होता. उत्तरेकडून आलेल्या शत्रूशीं आमचे लोक १४ जानेवारी १७६१ रोजीं दक्षिणेकडे तोंड करून लढले, आणि त्याआधींच्या उपासमारीचें मूळ त्याच कोंडींत होतें, ही गोष्ट आम्हीं दहा वेळां वाचली होती. कळली मात्र त्या दिवशीं. न पाहणाऱ्यासाठीं नकाशा वाचतांना पाहणाऱ्यास तो प्रथम दिसला.

त्या गृहस्थांच्या पहिल्या दोन तक्रारींस पुढें जगानें उत्तर दिलें. १९९६ सालीं अंधांच्या ग्रंथालयांनीं एकत्र येऊन ‘डेझी’ नांवाची पद्धति सर्वांसाठीं पुढें आणली. तींत ध्वनिग्रंथ प्रकरणानुसार, पृष्ठानुसार उघडतां येतो. कायद्याचीहि अडचण होती, कारण दुसऱ्याचा ग्रंथ वाचून त्याच्या प्रति वांटणें हा ग्रंथस्वामित्वाचा भंग ठरूं शके. भारतानें २०१२ सालीं कायद्यांत दुरुस्ती करून अपंगांसाठीं अशी प्रत काढण्यास मोकळीक दिली. २०१३ सालीं माराकेश येथें याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ सालीं त्यास अनुमति देणारें पहिलें राष्ट्र भारत होतें. हा करार २०१६ पासून अमलांत आला.

आतां यंत्रच मजकूर वाचून दाखवितें, मग विद्यार्थ्यांच्या आवाजाचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. यंत्राचा उपकार मोठा आहे, तो आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या मराठी पुस्तकांचीं पानें केवळ छायाचित्रांसारखीं उतरविलेलीं आहेत, किंवा ज्यांचा मजकूर युनिकोडपूर्वीच्या टंकांत जुळविलेला आहे, तेथें तें अद्याप अडखळतें. शिवाय कोष्टकांतील कोणता आंकडा महत्त्वाचा आणि आलेख कोठें वळतो, हें सांगण्यास विषय समजलेला माणूस हवा. तो विषय यंदाच शिकत असलेला विद्यार्थी याहून जवळचा कोण?

मात्र एक सावधगिरी हवी. विद्यार्थी वाचतात म्हणून संस्थेनें आपली जबाबदारी झटकूं नये. सुलभ पुस्तक वेळेवर देणें हें तिचें कर्तव्य. विद्यार्थ्यांचें वाचन ही त्यावरची भर. आमची सूचना एवढीच कीं, इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें वर्षांतून एक धडा, नकाशे आणि तळटीपांसह, न पाहणाऱ्या सहाध्यायासाठीं ध्वनिमुद्रित करावा, आणि त्यास गुण देण्यापूर्वीं ऐकणाराचा अभिप्राय मागवावा. त्या अभिप्रायांत ‘वाचणाऱ्यास धडा समजलेला नाहीं’ असें आलें, तर त्यानें तो पुन्हां वाचावा. आम्हीं तसें केलें होतें. दुसऱ्या खेपेस कोंकणांतून परत आलेल्या कॅसेटवर एकच वाक्य होतें: ‘आतां पांचवा पाठवा.’