गुरुजींची लुना

आमच्या धाकट्या नातवाला वाळूजला नोकरी लागली. पहिला पगार हातात पडायच्या आतच त्याचा फोन, "आजोबा, कामावर जायला गाडी घ्यायची आहे. परवडणारी आणि टिकाऊ कोणती घेऊ?"

आता मी काय सांगणार? ॲव्हरेज, डाउन पेमेंट, हप्ते हे सगळे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळते. पण फोन ठेवल्यावर मनात आले, आपण आपली पहिली गाडी कशी निवडली होती? की निवडलीच नव्हती?

मी १९७२ साली बी.ए. झालो. ते दुष्काळाचे वर्ष. आमच्या बीड जिल्ह्यात तेव्हा दोनच उद्योग जोरात होते, खडी फोडणे आणि पाण्याची वाट पाहणे. मीही काही महिने दुष्काळी कामावर मस्टर लिहायला होतो. पुढे १९७४ मध्ये आष्टीपासून अकरा किलोमीटरवरच्या एका गावी शिक्षक म्हणून लागलो. गंमत अशी, की त्या गावाला जाणारा कच्चा रस्ता दुष्काळी कामातच झालेला होता. एका विद्यार्थ्याची आई मला म्हणाली होती, "गुरुजी, ह्या रस्त्याची खडी म्या फोडलीय." मराठवाड्यात दुचाकी कशी आली याचा इतिहास लिहायचा तर तो कारखान्यापासून नव्हे, या बाईपासून सुरू करावा लागेल. रस्ताच नसता तर गाडी कशावर चालली असती?

आठवडाभर गावातच खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारी आष्टीला घरी जायचे, असा क्रम होता. त्यासाठी जुनी ॲटलस सायकल घेतली. ॲटलसचा कारखाना १९५१ साली हरियानात सोनीपतला निघाला, हीरोचा १९५६ साली लुधियानाला. आमच्याकडे सायकल म्हणजे या दोनपैकी एक. दुधाच्या किटल्या, कडब्याची पेंढी, मागे बायको, पुढे दांडीवर पोरगा, सगळे तीच वाहायची. लग्नात जावयाला घड्याळ आणि सायकल दिली की सासऱ्याची मान ताठ!

स्कूटरचे स्वप्न प्रत्येक मास्तर पाहायचा. बजाजची चेतक १९७२ मध्ये आली. पण ते परवान्याचे दिवस. कारखान्याने किती स्कूटर बनवायच्या हे सरकार ठरवणार. मागणी उदंड, माल थोडा. नंबर लावून लोक वर्षानुवर्षे थांबत, काहींची वाट दहा वर्षांपर्यंत लांबे. परदेशातला एखादा नातेवाईक डॉलर भरायला तयार असेल तर मात्र गाडी लवकर मिळे. आमच्या नात्यात सर्वांत लांब गेलेला माणूस म्हणजे पुण्याचा मामा! तेव्हा तो मार्ग बंदच.

उरली लुना. फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ती १९७२ मध्ये काढली, इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडवरून. आणि ती बनायची कुठे, तर अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. आष्टी बीड जिल्ह्यात असली तरी आम्हाला बीडपेक्षा नगरच जवळ. बाजार, दवाखाना सगळे नगरला. त्यामुळे लुना आम्हाला आपल्या घरचीच वाटे.

१९८१ मध्ये शिक्षकांच्या पतपेढीचे कर्ज काढून मी लुना घेतली. पन्नास सीसीचे इंजिन, गिअर नाहीत, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचे. आणि सायकलसारखे पायडल! पायडल मारूनच ती सुरू व्हायची आणि पेट्रोल संपले तर तशीच दामटत घरी आणता यायची. आज याचे हसू येईल, पण पंप फक्त तालुक्याच्या गावी असताना ही फार मोठी सोय होती. ज्याला सायकल येते त्याला लुना आलीच. मध्ये दांडी नसल्यामुळे साडी नेसलेली बाईही ती सहज चालवू शके. आमच्या सौ. पंधरा दिवसांत शिकल्या आणि गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघू लागल्या. खरे सांगायचे तर त्या माझ्यापेक्षा सावकाश आणि चांगल्या चालवत.

दोषही होते. आमची काळी माती पावसाळ्यात चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी बसायची, की दर अर्ध्या किलोमीटरला उतरून काडीने चिखल काढावा लागे. चढावर दोघे बसलो की एकाने उतरायचे. तो एक कोण, हे सांगायला नको!

असो. इथपर्यंतची गोष्ट मी अनेकदा कौतुकाने सांगितली आहे. पुढची सहसा सांगत नाही.

लुना येण्याआधी मी गावात राहत असे. रात्री जेवणे झाली की दहावीची सात-आठ मुले कंदील घेऊन शाळेत येत. त्यातली निम्मी ऊसतोड करणाऱ्यांची. दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन कारखान्यांकडे जायचे, पोरे आजीजवळ राहायची. त्यांना विचारणारे दुसरे कोणी नसायचे. लुना आली आणि मी रोज ये-जा करू लागलो. संध्याकाळी साडेपाचला निघालो की सहाला घरी. घरच्यांना आनंद झाला, मलाही झाला. गावातली खोली कागदोपत्री तशीच राहिली, मी मात्र तिथे नव्हतो. कंदिलाचा वर्ग आपोआप बंद पडला.

त्या वर्षी वर्गातला एक हुशार मुलगा दिवाळीनंतर आईबापांबरोबर उसाला गेला, तो परत शाळेत आलाच नाही. रात्रीचा वर्ग चालू असता तर तो थांबला असता का? सांगता येत नाही. पण गावातले एक म्हातारे मला म्हणाले होते, "गुरुजी, गाडी आली आन् तुमी गेलात." त्या वेळी मी हसण्यावारी नेले. पुढे तालुक्यातल्या बहुतेक शिक्षकांकडे गाड्या आल्या आणि संध्याकाळी गावागावांतून मास्तर नाहीसा झाला. या बदलाची नोंद कोणी ठेवली नाही, म्हणून मी इथे ठेवतो.

१९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी हंड्रेड आली. तिचे फोर-स्ट्रोक इंजिन थोड्या पेट्रोलवर लांब जायचे आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नव्हती. त्याच वर्षी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, ज्या वाळूजला आज नातू कामाला जातो. हळूहळू नंबर लावण्याचे दिवस संपले. रेल्वे आष्टीला २०२२ मध्ये आणि बीडला १७ सप्टेंबर २०२५ रोजी पोहोचली. तोवर आमचा भाग एस.टी. आणि दोन चाकांवरच चालला. लुनासुद्धा २०२४ मध्ये बॅटरीवर परत आली आहे म्हणे!

दुसऱ्या दिवशी मी नातवाला फोन केला. म्हटले, "बाबा, किंमत शेवटी बघ. आधी रस्ता बघ, मागे कोण बसणार ते बघ आणि जवळ मिस्त्री कुठे आहे ते बघ. हेल्मेटचे पैसे गाडीच्या किमतीतच धर."

"बस, एवढंच?"

"अजून एक. गाडीने रोज तासभर वाचेल. तो तास कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला, याचा हिशेब ठेव."

तो म्हणाला, "आजोबा, हे काही शोरूममध्ये सांगत नाहीत."

नाहीच सांगत. मलाही १९८१ साली कोणी सांगितले नव्हते.