तळणी स्टेशन आणि सूर्याचा किरीट

आकाशदर्शनाच्या रात्री मुले हमखास विचारतात, "सर, आपल्याकडे कधी कोणी दुर्बीण लावली होती का?" आपण शिक्षक मंडळी मग केप कॅनाव्हेरल, श्रीहरिकोटा, फार तर थुंबा अशी नावे घेतो. अमरावती-अकोल्याच्या मुलांना ती सगळी सारखीच लांब. म्हणून आम्ही आता त्यांना तळणीची हकिकत सांगतो.

भुसावळ-नागपूर लोहमार्गावर धामणगाव आणि पुलगाव यांच्यामध्ये तळणी हे लहानसे स्टेशन लागते. पुढे वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा संपला. २२ जानेवारी १८९८ रोजी, पौष अमावास्येला, खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून निघून वऱ्हाड ओलांडत ईशान्येकडे गेली. तळणी तिच्या अरुंद पट्ट्यात आले. अकोला पट्ट्याबाहेर राहिले. तेथे ग्रहण खंडग्रासच होते.

मुंबईत प्लेग होता, वऱ्हाडात दुष्काळ नुकताच सरला होता. अशा दिवसांत ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची एक तुकडी तळणीला येऊन राहिली. १८९० साली स्थापन झालेली ही मुख्यतः हौशी निरीक्षकांची संस्था. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी स्त्रियांना सभासद करून घेत नव्हती. हिने पहिल्यापासून घेतले.

तुकडीत ॲनी माँडर होत्या. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेल्या या बाईंनी ग्रीनिच वेधशाळेत महिना चार पौंडांवर गणकाची नोकरी केली होती. १८९५ साली तेथीलच वॉल्टर माँडर यांच्याशी विवाह झाला आणि नोकरी सुटली. वेध घेणे मात्र सुटले नाही. गर्टनच्या अनुदानातून त्यांनी अवघ्या दीड इंच व्यासाच्या भिंगाचा कॅमेरा सिद्ध केला आणि तो तळणीला आणला.

एवढ्याशा भिंगाने काय साधणार? येथे वर्गात थोडे थांबावे. सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचा, म्हणजे किरीटाचा, बाहेरचा भाग अतिशय मंद असतो. लांब नाभीय अंतराच्या दुर्बिणीत प्रतिमा मोठी पडते खरी, पण तेवढाच प्रकाश मोठ्या जागेवर पसरून फिका होतो. आखूड नाभीय अंतराने प्रतिमा लहान, पण उजळ मिळते. बाईंनी मोठ्या चित्राचा मोह सोडला. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात घेतलेल्या छायाचित्रात किरीटाचा एक किरण सूर्याच्या व्यासाच्या सुमारे सहापट, म्हणजे ऐंशी लाख किलोमीटरांच्या आसपास, लांब गेलेला उमटला. इतका लांब किरण तोवर कोणाच्याही काचेवर आला नव्हता. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे दार त्यांना उघडले ते १९१६ साली, तळणीनंतर अठरा वर्षांनी!

याच तुकडीत जॉन एव्हरशेड होते. रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी करायची आणि उरल्या वेळात सूर्य पाहायचा, असा त्यांचा क्रम. तळणीला त्यांनी वर्णपटाची छायाचित्रे घेतली. पुढे ते कोडाईकनाल वेधशाळेत आले आणि १९०९ साली सूर्यडागांतील वायूंच्या प्रवाहाचा शोध लावला. तो 'एव्हरशेड परिणाम' म्हणून प्रसिद्ध आहे.

जाता जाता एक दुरुस्ती. याच ग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला आले होते, आणि तेथे हेलियम सापडला असे अनेक ठिकाणी छापले जाते. हेलियमची पिवळी रेषा दिसली ती १८६८ साली. त्या ऑगस्टच्या ग्रहणात झान्सेन गुंटूरला होते. लॉकियर यांनी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहणाविना, वेध घेतले. विजयदुर्गाचे महत्त्व त्याने कमी होत नाही, पण सन चुकवू नये.

२ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आदित्य-एल१ यानातील मुख्य उपकरण सूर्यबिंब झाकून तोच किरीट न्याहाळते. यानाचे उड्डाण दूरदर्शनवर पाहून मुले भारावली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही भारताच्या नकाशावर विजयदुर्ग, जेऊर, तळणी आणि बिहारातील बक्सर या १८९८ च्या निरीक्षणस्थळांवर टाचण्या टोचायला सांगितल्या. जेऊरला पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला होते. दोरा ताणला तर चारही टाचण्या जवळजवळ एका रेषेत आल्या. अकोल्याचा एक मुलगा दोऱ्यापासून आपल्या गावापर्यंतचे अंतर पट्टीने मोजत बसला.