पिवळ्या नडग्यांचा मागोवा

कोंबड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक पक्षी उचलतो, तुरा आणि पिसारा पाहतो, आणि मग नडग्यांकडे वळतो. लेगहॉर्नच्या नडग्या पिवळ्याजर्द हव्यात, डॉर्किंगच्या पांढऱ्या. चुकीच्या रंगाच्या नडग्या दिसल्या की बाकीचा डौल वाया जातो. परीक्षकाचे बोट टेकते त्या पिवळ्या रंगाची वंशावळ शोधत आपण निघालो, तर ती वाट थेट सह्याद्रीत येते.

पिएर सोनेरा या फ्रेंच प्रवाशाने १७८२ साली आपल्या हिंदुस्थानच्या प्रवासवर्णनात इथल्या एका रानकोंबड्याची ओळख युरोपला करून दिली. तो आपला राखी रानकोंबडा, मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे ठिपके मिरवणारा. सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मूळपुरुष हाच, असे सोनेराला वाटले. १८१३ साली डच पक्षितज्ज्ञ टेमिंकने त्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात सोनेराला अमर केले. सोनेराचे मत मात्र फारसे कोणी मनावर घेतले नाही.

पुढे १८४०च्या दशकात इंग्लंडला कोंबड्यांचे वेडच लागले. चीनहून आलेले धिप्पाड, पायांवर पिसे असलेले ‘कोचीन’ पक्षी (आपल्या कोचीशी त्यांचा काडीचा संबंध नाही) राणी व्हिक्टोरियाच्या खुराड्यात पोचले आणि मग सरदारांपासून दुकानदारांपर्यंत प्रत्येकाला तसलाच कोंबडा हवासा झाला. हे वेड अमेरिकेतही पोचले आणि १८४९ साली बोस्टनमध्ये कोंबड्यांचे प्रदर्शन भरले. ब्रिटनने १८६५ साली आणि अमेरिकेने १८७४ साली जातींची मानके छापली. पाय कोणत्या रंगाचे हवेत, हे आता छापील नियम सांगू लागले. त्यातही गंमत अशी की इंग्रज गिऱ्हाइकाला ताटात पांढऱ्या कातडीची कोंबडी आवडे, तर अमेरिकनाला पिवळ्या.

या हौशी मंडळींच्या अनुभवाचा सर्वांत चाणाक्ष उपयोग डार्विनने केला. त्याने काळा स्पॅनिश कोंबडा आणि पांढरी सिल्की कोंबडी यांची जोडी लावली, आणि त्या काळ्या-पांढऱ्यातून एक पिल्लू रानातल्या तांबड्या कोंबड्याचे झळझळीत रंग घेऊन वाढले. हरवलेले रूप असे परतलेले पाहून, कलकत्त्याच्या एडवर्ड ब्लाइथने पुरवलेल्या माहितीच्या आधाराने, १८६८ साली त्याने निर्वाळा दिला: पाळीव कोंबडीचा पूर्वज एकच, तांबडा रानकोंबडा. राखी कोंबड्याच्या संकरातून निपजलेली पिल्ले बहुधा वांझ निघतात, तेव्हा त्याचा हक्क उरत नाही. सोनेराचा दावा निकालात निघाला.

१९०२ साली इंग्रज जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसनने मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम कोंबड्यांना लावून पाहिले. तुऱ्याच्या आकाराबरोबर नडग्यांचा रंगही त्याने तपासला, आणि पांढरा रंग पिवळ्यावर मात करतो, पिवळा आत दडून राहतो, हे दिसून आले. दोन पांढऱ्या पायांच्या पक्ष्यांपोटी मध्येच पिवळ्या पायांची तलंग का निघते, या हौशी मंडळींच्या जुन्या कोड्याला आता उत्तर मिळाले.

पण हा पिवळा मुळात आला कुठून? तांबड्या रानकोंबड्याचे पाय तर करडे. २००८ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी यामागचे जनुक शोधले. मका आणि हिरवा पाला यांतून येणारे पिवळे द्रव्य त्वचेत मोडून टाकण्याचे काम ते करते. पिवळ्या पायांच्या कोंबडीत मात्र त्वचेपुरते ते मंदावलेले असते, म्हणून रंग साचतो. जनुकाचा हा पिवळा अवतार तांबड्याशी जुळेना. जुळला तो राखी रानकोंबड्याशी. एकुणात डार्विनच बरोबर होता, पण सोनेराही अगदीच खोटा ठरला नाही. २०१४ साली युरोपातल्या जुन्या कोंबड्यांची हाडे तपासली, तेव्हा त्यांत हा पिवळा क्वचितच सापडला; तिथे तो सर्रास झाला तो गेल्या काही शतकांतच.

अंड्यावर आलेल्या पिवळ्या पायांच्या कोंबडीच्या नडग्या हळूहळू फिक्या पडतात, कारण खाण्यातला पिवळा आता बलकात उतरतो. ती खुडूक बसली, अंडी थांबली, की तो रंग पुन्हा नडग्यांवर चढू लागतो.