जॉबर, हवालदार आणि ओळखीचा माणूस

भिवंडीतला कामतघर-पद्मानगरचा पट्टा मुख्यतः तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी वसवला. जुन्या शहरातले मोमीन विणकर त्यांच्या आधीचे; त्यांच्यातली कित्येक घराणी 1857 नंतर उत्तर भारतातून इथं आली. एकाच्या घरात तेलुगू, दुसऱ्याच्या घरात उर्दू. कारखान्यात माणूस घ्यायची वेळ आली की मात्र दोघंही एकच प्रश्न विचारत: कुणाच्या ओळखीचा?

ओळखीची ही सत्ता मुंबईच्या गिरण्यांत आधीच मुरलेली होती. तिथं जॉबर गावाकडून माणसं आणी, काम शिकवी, त्यांच्याकडून काम काढून घेई आणि भरतीसाठी दस्तुरीही उकळी. कामगाराला साहेब दिसायचा नाही, जॉबर मात्र चोवीस तास भेटायचा: खात्यात, चाळीत, उधारीच्या वेळी. 1931 मध्ये कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनने जॉबरच्या हातून भरती काढून घ्यावी अशी शिफारस केली. 1935 पासून गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्डं देऊन त्याचे पंख छाटायला सुरुवात केली. जॉबर लाचखाऊ होता, हे खरंच. पण संपात कामगारांना बाहेर काढणाराही पुष्कळदा तोच असे, हे मालकांच्या लक्षात आलं नसेल असं मानायचं कारण नाही.

भिवंडीतल्या यंत्रमागाच्या कारखान्यात तर कार्डसुद्धा नव्हतं. 1948 च्या कारखाने कायद्यानुसार, वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार झाले की कारखाना कायद्याच्या कक्षेत येई. म्हणून एकाच छपराखालचे माग भावाच्या, बायकोच्या, मेहुण्याच्या नावावर वाटले गेले. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी. एकट्या आलेल्या कामगाराचं जेवण बिसीत, म्हणजे महिन्याच्या हिशेबावर चालणाऱ्या खानावळीत. माग बिघडला की जॉबर, आणि गावाहून पोरगा आणायचा तरी जॉबरच.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या काळात गिरण्यांचं बरंच कापड भिवंडीच्या मागांवर विणलं गेलं. पुढं गिरण्यांतून निघालेले जुने मागही इकडं आले, आणि बेकार झालेले काही कामगारही, कमी मजुरीवर. जुने माग स्वस्तात मिळत असल्यानं विणकर, मग जॉबर, मग भाड्याच्या चार मागांचा मालक, असा चढता रस्ता काहींना सापडला. या रस्त्याचं कौतुक फार होतं. ज्यांच्या नशिबी आयुष्यभर मीटर मोजणंच आलं, त्यांची संख्या कैक पटींनी मोठी होती.

ओळखीचं वजन कारखान्याबाहेरही दिसलं. याच शहरात 1970 आणि 1984 च्या मे महिन्यांत भीषण हिंदू-मुस्लिम दंगली झाल्या. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी बंदोबस्त वाढवण्यापेक्षा वेगळा डाव टाकला. प्रत्येक मोहल्ल्यात हिंदू-मुसलमान रहिवाशांची समिती नेमली आणि तिची जबाबदारी खालच्या पातळीवरच्या पोलिसांकडे दिली. रस्त्यावर जो उभा राहतो, ज्याला नळाच्या भांडणापासून सगळं आधी कळतं, त्याला निर्णयात घ्यायचं. पोलीस खात्यात ही गोष्ट साधी नव्हती. हवालदारानं ऐकायचं आणि साहेबानं बोलायचं, हाच तिथला शिरस्ता. बैठका होत गेल्या, ओळखी वाढल्या. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. या प्रयोगावर खोपडे यांनी पुस्तकही लिहिलं.

दंगल टळली, पण कारखान्यातली मजुरी त्यानं वाढली नाही. मागवाले आणि कामगार समितीत शेजारी बसले, तरी पाळी बारा तासांचीच राहिली. आता कित्येक माग भंगारात गेले आणि मुंबई-नाशिक महामार्गालगत गोदामं उभी राहिली. तिथं कामाचा वेग यंत्र मोजतं. पण माणसं पुरवायला कंत्राटदार लागतो, आणि तोही पहिल्यांदा गाव विचारतो.